खड्ड्याआधीचे दोनशे मीटर

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशिकला येणारे रस्ते जागोजागी खणलेले आहेत. कामे व्हायलाच हवीत. पण खड्ड्याच्या तोंडाशी ‘काम चालू’ची पाटी, चुना फासलेले चार दगड आणि झेंडीवाला, एवढ्यावर सुरक्षितता आटोपणे हे माणसांच्या जिवावर बेतणारे आहे.

ताशी ८० किमी वेगाने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच अडीच सेकंद, म्हणजे ५५ मीटर संपतात. थांबायला एकूण १२० मीटर तरी लागतात. ओल्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकला आणखी जास्त. मग खड्ड्याजवळची पाटी काय कामाची?

भारतीय रस्ते काँग्रेसची (आयआरसी) आयआरसी:एसपी:५५ ही मार्गदर्शिका कामाच्या जागेचे चार टप्पे सांगते: आगाऊ सूचना, वाहतूक वळवणे, प्रत्यक्ष काम आणि मूळ लेनवर परतणे. गफलत सर्वाधिक होते ती दुसऱ्यात. साडेतीन मीटरची लेन बंद करताना कोन (प्लास्टिकचे शंकू) दहा-पंधरा मीटरांत आडवे लावून मोकळे होतात. रुंदी गुणिले वेग भागिले १.६, या अमेरिकी नियमावलीतल्या सूत्राने ताशी ८० साठी कोनांची ही तिरकी रांग १७५ मीटर भरते. रांग संपली की मजुरांपर्यंत मोकळी जागा ठेवायची, आत घुसलेली गाडी तिथेच थांबावी म्हणून. आपल्याकडे नेमका तिथेच खडीचा ढीग आणि उभा डंपर असतो.

लाल-पांढरे प्लास्टिकचे बॅरियर पाण्याने भरून एकमेकांत अडकवायचे असतात. रिकामा बॅरियर हाताने ढकलला तरी सरकतो, तो गाडी काय अडवणार? भरलेलाही गळतो, म्हणून झाकण उघडून पाणी पाहत राहावे. रेडियमची पट्टी मुरमाच्या धुळीने माखली की रात्री चमकत नाही. ओले फडके फिरवायला दोन मिनिटे लागतात. खणलेल्या कडेला संध्याकाळपूर्वी मुरमाचा उतार करून द्यावा, नाहीतर दुचाकीचे चाक तिथेच घसरते.

झेंडीवाल्याने लेनमध्ये नव्हे, साइडपट्टीवर उभे राहावे आणि मागे पळायला वाट मोकळी ठेवावी. एकेरी वाहतुकीत दोन्ही टोकांचे झेंडीवाले एकमेकांना दिसत नसतील, तर वॉकीटॉकी हवाच. तो नसेल तर सोडलेल्या शेवटच्या गाडीच्या चालकाकडे झेंडी द्यावी. ती पोहोचली की समोरची बाजू सोडायची.

काम सुरू करताना सर्वांत लांबची पाटी आधी उभी करावी, आवरताना ती शेवटी काढावी. काम बंद असेल तेव्हा पाट्या झाकाव्यात. रिकाम्या रस्त्यावर ‘काम चालू’ वाचून चालक फसले, की खऱ्या पाटीलाही वेग कमी करत नाहीत.

संबंधित यंत्रणेच्या अभियंत्यांनी आठवड्यातून एकदा तरी रात्री नऊनंतर, गाडीचा दिवा डिपरवर ठेवून, मुंबई-आग्रा महामार्गावर आडगाव ते विल्होळी असा फेरा मारावा आणि जी पाटी दिसली नाही ती दुसऱ्याच दिवशी बदलून घ्यावी.

— एक स्थापत्य अभियंता, नाशिक