फॉरमॅट मारण्याआधी थांबलेल्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही माझ्या लॅपटॉपचं जे केलंत, ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत व्हायला हवं. अक्षरजुळणीचं काम करणारे आम्ही लोक तालुक्यातालुक्यात विखुरलेले आहोत. शिमगोत्सवाच्या पत्रिका, शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका, लग्नाची आमंत्रणं, एखादा दिवाळी अंक, उत्तरकार्याची कार्डं. गावाची छापील आठवण म्हणावी असं बरंच काही आमच्याच मशीनवर असतं आणि त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते.

लॅपटॉप सुरूच होईना. निळी स्क्रीन यायची, ऑटोमॅटिक रिपेअर म्हणायचा आणि पुन्हा तिथेच. आधी जिथे दाखवला तिथे उत्तर तयार होतं, "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." त्यात वाईट हेतू नव्हता. दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना तेवढंच हवं असतं. तुमच्याकडे आणला तेव्हा तुम्ही मशीनला हात लावण्याआधी विचारलंत, "ताई, याच्यावर असं काय आहे जे तुम्हाला परत कुठूनही मिळणार नाही?" आणि मी बोलत राहिले तसं वहीत लिहून घेतलंत.

त्या यादीनेच माझं काम वाचवलं. मी फाइलींबद्दल बोलत होते, तुम्ही मला फाँटवर आणलंत. आमची जुनी कामं युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशा आजच्या पद्धतीतली नाहीत. श्री-लिपी, सीडॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधले ते फाँट, ज्यांत मराठी अक्षराचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फाँट मशीनवर नसेल तर वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका उघडते, पण पडद्यावर दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. हे फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये बसतात आणि विंडोज रीसेट केलं, म्हणजे पुसून नव्यासारखं केलं, की जातात. "कीप माय फाइल्स" निवडलं तरी जातात, कारण तिथे फाइल्स म्हणजे तुमची कागदपत्रं आणि फोटो, बाकी काही नाही. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरचंही तसंच. त्याची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 मधली. ती आजच्या विंडोजवर बसवायला किती खटपट लागते हे ज्याने बसवली त्यालाच ठाऊक. वर्डच्या स्पेलिंगच्या कोशात मी वर्षानुवर्षं भरलेली गावांची नावं आणि आडनावं कस्टम डिक या एवढ्याशा फाइलीत असतात, तीही तुम्ही शोधून काढलीत. मला तर ती फाइल आहे हेच माहीत नव्हतं.

मग तुम्ही एक वाक्य बोललात ते मी आता सगळ्यांना सांगते: "फाइलींची कॉपी म्हणजे घरातलं सामान उचलणं, आणि इमेज म्हणजे लावलेलं घर जसंच्या तसं उचलणं." दोन्ही हवंच, असा तुमचा आग्रह होता.

आधी सामान उचललंत. रिकव्हरीच्या मेनूने बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाचा, 48 आकडी क्रमांक मागितला तेव्हा माझे हातपाय गळाले. तुम्ही शांतपणे माझ्याच मोबाइलवर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडायला लावलंत आणि तो तिथे सापडला. तो क्रमांक कुठेच सापडला नसता तर त्या डिस्कवरचं काहीही कुणालाच वाचता आलं नसतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पुढे कमांडच्या काळ्या खिडकीतून तुम्ही नोटपॅड सुरू केलंत आणि त्यातल्या ओपनच्या चौकटीतून एकेक फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नेलंत. विंडोज सुरू होत नसतानाही हे जमतं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून अख्ख्या डिस्कची प्रत घेतलीत. लॉक असलेली डिस्क होती म्हणून रिकाम्या जागेसकट उचलावी लागली आणि त्यात रात्र गेली. क्लोनझिला फुकट मिळतं, त्यामुळे त्याचे पैसे लावायचा प्रश्न नव्हता, पण त्या रात्रीचेही तुम्ही लावले नाहीत. "बिघडलेल्या मशीनची इमेज कशाला?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रीसेट झाल्यावर आठवतं की अमुक एक गोष्ट राहिली, आणि तेव्हा मागे जायला वाट असायला हवी. तसंच झालं. एका मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या अंकाची चित्रं मी भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. ती त्या प्रतीतूनच मिळाली.

एवढं झाल्यावरच रीसेट. इथेही तुम्ही घाई केली नाहीत. लॅपटॉपमध्ये कंपनीने लपवून ठेवलेला एक रिकव्हरीचा भाग असतो, त्यातून मशीन खरेदीच्या दिवशी जसं होतं तसं होतं. माझ्याबाबतीत त्याचा अर्थ परत विंडोज 10, ज्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. शिवाय रिकव्हरीच्या अशा काही जुन्या सोयी डिस्कचे भागच मुळापासून नव्याने पाडतात, म्हणजे आपण नंतर केलेला डी ड्राइव्हसुद्धा उडतो. "सी फॉरमॅट झाला तरी डीला काही होत नाही" ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि तिच्यावर भरवसा ठेवून लोकांनी किती गमावलं असेल! तुम्ही विंडोजचाच रीसेट घेतलात, सगळं काढून टाकणारा, पण फक्त विंडोज असलेल्या ड्राइव्हपुरता. परवान्याचा क्रमांक कुठून आणायचा या काळजीत मी होते. तो हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच नोंदलेला असतो, इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप ओळख पटवून घेतं, हे तुम्ही दाखवलंत. परवाना नसलेलं विंडोज चालवून देणारी क्रॅकची पेनड्राइव्ह तुमच्या टेबलावर मला दिसली नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

आणि सगळ्यात मोठं काम त्याच्याही नंतरचं. फाँट, पेजमेकर, प्रिंटरचे ड्रायव्हर, कीबोर्ड, सगळं बसवून एक जुना अंक उघडून, छापून पाहिल्यावर तुम्ही म्हणालात, "आता घेऊ खरी इमेज." कंट्रोल पॅनेलमधलं "बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)" हे जुन्या नावाचं दालन अजून तिथेच आहे. त्यातून सिस्टिम इमेज काढलीत, आणि विंडोज सुरू झालं नाही तर मशीन चालू करायला एका पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह करून दिलात. विंडोज इमेज बॅकअप या फोल्डरचं नाव बदलायचं नाही, तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात टाकायचा नाही, नाहीतर रिस्टोअरच्या वेळी विंडोजला तो सापडत नाही, हे मला डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहायला लावलंत. पुढे मशीन बसलं तर कारखान्यातल्या कोऱ्या अवस्थेकडे जायची गरज नाही. माझ्या कामाला लावलेलं मशीनच परत येईल.

तरी तुम्ही थांबला नाहीत. इमेजमधली ती मोठी फाइल डिस्क मॅनेजमेंटमधून जोडून तिच्यातला एक अंक उघडायला लावलात. घेतलेला बॅकअप उघडून बघितला नाही तर तो बॅकअप नाही, असं तुमचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

आपण चिपळूणची माणसं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत चढलं तेव्हा कुणाच्या दुकानातलं काय काय गेलं हे तुम्हीही पाहिलं आहे. वह्या, खाती, कॉम्प्युटर, आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्कही. म्हणून तुम्ही दोन डिस्क घ्यायला लावल्यात आणि एक गावाबाहेर ठेवायला सांगितलीत. ती आता रत्नागिरीला बहिणीकडे कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. दुसरी दुकानात असते, पण लॅपटॉपला जोडलेली राहत नाही. व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही तो सोडत नाही, हेही तुमचंच सांगणं.

बिल देताना तुम्ही फक्त डिस्क आणि मजुरी लावलीत. मी जास्त पैसे पुढे केले तर परत दिलेत. पैशांनी हे फिटणारं नाही, पण पुढच्या कामाची खबर देते: ज्या शाळेची स्मरणिका वाचली, तिच्याच नव्या आवृत्तीचं काम मला मिळालं आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं मी मनावर घेतलं आहे, दर आठवड्याला थोड्याथोड्या. जोडाक्षरं आणि रफार फार त्रास देतात, पण हाताने तपासत पुढे चालले आहे. ते झालं की नवी इमेज काढायची आहे. तेव्हा माझी मी काढीन, तुम्ही फक्त शेजारी बसा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चिपळूणची एक अक्षरजुळणीकार