क्षयाच्या जीनोमवर पीएचडी करणाऱ्या लेकीस

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझी चाळीस सॅम्पलांची व्हीसीएफ फाइल, म्हणजे रेफरन्सपेक्षा बदललेल्या जागांची यादी, उघडून पाहिली. "सगळ्यांत जायर-एचं म्युटेशन आहे, म्हणजे सगळेच फ्लोरोक्विनोलोनला रेझिस्टंट" हे वाक्य आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, स्लाइडवरून आधी काढ. ती जायर-ए या जीनमधली, जीनोमवरची ७५८५ ची जागा आहे. तिथे जीचा सी दिसतोय, म्हणजे प्रोटीनच्या ९५ व्या क्रमांकावर सेरीनऐवजी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल. फ्लोरोक्विनोलोन औषधांशी त्याचा काही संबंध नाही. एच३७आरव्ही, म्हणजे आपण ज्याच्याशी ताडून बघतो तो रेफरन्स जंतू, आणि त्याची जवळची भावंडं सोडली, तर बहुतेक क्षयजंतूंत तिथे थ्रिओनीनच असतं. जगावेगळा आहे तो आपला रेफरन्स. फ्लोरोक्विनोलोनसाठी ९० आणि ९४ हे क्रमांक बघायचे. ते किती सॅम्पलांत बदललेत ते मोज. कॅट-जी या जीनच्या ४६३ चंही असंच आहे, तेही यादीतून काढ.

आपण कुणाशी तुलना करतोय हे एकदा नीट बघून घे. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरॅनॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये १९०५ साली एका रुग्णाकडून मिळालेला जंतू, १९३४ मध्ये त्यातून वेगळा काढलेला 'आरव्ही', आणि १९९८ साली वाचून झालेला त्याचा जीनोम: ४४ लाख ११ हजार अक्षरं, चार हजारांच्या आसपास जीन, लिनिएज (वंशशाखा) ४. आपल्याकडे दक्षिणेत लिनिएज १ जास्त, उत्तरेत ३, मुंबईच्या रेझिस्टंट सॅम्पलांत २ सुद्धा बऱ्यापैकी. लिनिएज १ मध्ये टीबीडी-१ हा सुमारे दोन हजार अक्षरांचा तुकडा शाबूत असतो. एच३७आरव्हीत तो गळलेला आहे. त्या तुकड्याच्या रीडना (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या आखूड तुकड्यांना) बीडब्ल्यूए, म्हणजे रीड रेफरन्सवर बसवणारा प्रोग्राम, बसवणार कुठे? ते 'अनमॅप्ड'मध्ये जातात आणि तुझी पाइपलाइन ते फेकून देते. फेकू नकोस. वेगळे काढ, क्रॅकन २ ने परका माल बाजूला कर आणि उरलेले स्पेड्सने जोडून बघ. लिनिएज १ च्या सॅम्पलात टीबीडी-१ सापडला नाही, तर आधी आपली पायरी तपास, जंतूला दोष नको.

आकड्यांच्या दोन खोड्या लक्षात ठेव. आरपीओ-बी या जीनचं, रिफॅम्पिसिन औषधाला रेझिस्टन्स देणारं म्युटेशन जुन्या पेपरांत ५३१ म्हणून येतं, कारण ती मोजणी ई. कोलाय या दुसऱ्या जंतूची; आपल्या जंतूत तोच क्रमांक ४५०, जीनोमवर ७६११५५, सीचा टी. दोन्ही मोजण्या एकाच तक्त्यात आल्या की एकच म्युटेशन दोनदा मोजलं जातं. दुसरी खोडी कॅट-जीची. हा जीन उलट्या धाग्यावर आहे. आयसोनियाझिड औषधाच्या रेझिस्टन्सचा ३१५ व्या क्रमांकाचा बदल कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात, एजीसीचा एसीसी, पण व्हीसीएफ सुलटा धागा लिहिते, म्हणून तिच्यात २१५५१६८ ला सीचा जी. नवखी मुलं इथे 'फाइल चुकली' म्हणून तासन्‌तास घालवतात.

आता सॅम्पल १७. त्यात मला भेसळ दिसते. एमजीआयटीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या, ट्यूबमध्ये क्षयाबरोबर दुसरा मायकोबॅक्टेरियम वाढला असेल, तर त्याचे बहुतेक रीड बसत नाहीत, पण आरआरएससारखा सगळ्या जंतूंत जवळजवळ सारखा असलेला जीन ते अचूक पकडतात. आयजीव्हीत, म्हणजे रीड डोळ्यांनी बघायच्या प्रोग्राममध्ये, १४७१८४६ पासून पुढचे दीड हजार बघ: शेजारी १०० ची खोली (एका जागेवर बसलेल्या रीडची संख्या) आणि इथेच ३००-४०० चा ढीग असेल, त्यात जागोजागी २०-३० टक्क्यांचे बदल असतील, तर ते अमिकासिन औषधाचं रेझिस्टन्स नव्हे, पाहुण्याचे रीड. त्या उलट, सगळा जीनोम स्वच्छ आणि फक्त आरपीओ-बीच्या एका जागी २० टक्के टी, हे खरं असू शकतं: रुग्णाच्या छातीत रेझिस्टंट जंतू नुकताच डोकं वर काढतोय. तू ९० टक्क्यांहून कमी रीडमध्ये दिसणारे बदल टाकणारी गाळणी लावली आहेस, त्यात तो निसटतो. जंतूंच्या वंशवृक्षासाठी ९० ठेव, रेझिस्टन्ससाठी वेगळी, ढिली गाळणी चालव आणि दोन्हींचे आकडे थीसिसमध्ये लिही.

कव्हरेजची, म्हणजे खोलीची, सरासरी सांगून भागत नाही. दोन्ही टोकांनी १५०-१५० अक्षरं वाचणाऱ्या जोडरीडने १०० पट कव्हरेजला साधारण १५ लाख जोड्या लागतात, एवढं सोपं. पण जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ६५.६ टक्के असल्याने पीई-पीजीआरएस जीनांच्या भागात खड्डे पडतात. जीनोमचा किती टक्के भाग १० पेक्षा कमी खोलीवर आहे, ते प्रत्येक सॅम्पलसमोर लिही. पीई आणि पीपीई जीन, म्हणजे जीनोमचा जवळपास दहावा भाग, आखूड रीडना नीट बसत नाही. तो मास्क कर, म्हणजे मोजणीतून झाकून टाक. मात्र मास्कच्या जागा सांगणारी बेड फाइल शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ एकपासून. हा एकाचा फरक विसरलीस, तर मास्कच्या कडेवरचे खोटे एसएनपी (एका अक्षराचे बदल) आत शिरतात.

वृक्ष काढताना फक्त बदललेल्या जागांचं अलाइनमेंट आयक्यू-ट्री या प्रोग्रामला देत असशील, तर न बदललेल्या ए, सी, जी, टीची संख्याही दे. नाहीतर फांद्या अवाच्या सवा लांब येतात आणि त्यावरून काढलेली शाखा फुटल्याची सालं फुकट जातात.

संसर्गाच्या साखळीबद्दल गाइडशी तुझा वाद झाला म्हणालीस. मला गाइडचं पटतं: नुसत्या ठोकताळ्यावर कोणी कोणाला दिला हे ठरवू नये. '५ एसएनपीच्या आत म्हणजे ताजा संसर्ग, १२ च्या पुढे संबंध नाही' हा ठोकताळा २०१३ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासातून आला. तिथे रुग्ण कमी. क्षयाचा जंतू वर्षाला सरासरी अर्धा एसएनपी बदलतो; आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक रुग्णांचं सॅम्पल कधी घेतलंच जात नाही, तिथे तीन एसएनपीचा फरक असलेल्या दोघांच्या मध्ये आणखी दोघंतिघं सहज बसतात. कोणी कोणाला दिला, हे तर त्यातून कळतच नाही. 'एका गुच्छातले' एवढंच लिही.

बाकी किरकोळ. टीबी-प्रोफायलर या रेझिस्टन्स सांगणाऱ्या प्रोग्रामच्या प्रत्येक निकालासोबत डेटाबेसची आवृत्ती नोंदव. जागतिक आरोग्य संघटनेचा म्युटेशन कॅटलॉग २०२१ नंतर २०२३ मध्ये बदलला, एसआरएफच्या (सीनियर रिसर्च फेलोशिपच्या) मुलाखतीत हा प्रश्न येईल. कॉम्प्युटर-क्लस्टरच्या स्क्रॅच या तात्पुरत्या जागेवर फास्टक्यूची, म्हणजे कच्च्या रीडच्या फाइलची, एकुलती एक प्रत ठेवू नकोस. आणि ईएनए या युरोपच्या सार्वजनिक डेटासाठ्यावर रीड चढवण्याआधी त्यातले माणसाचे रीड काढ, ते रुग्णाचे आहेत.

रविवारी फोन करशील तेव्हा १७ ची बीएएम, म्हणजे बसवलेल्या रीडची फाइल, उघडून बस. आरआरएसचा तो ढीग मला बघायचाय.

तुझी,
आई