बंड्यास पत्र: शुक्रवारच्या तीन मिस्ड कॉलांबद्दल

सांगली,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

शुक्रवारी रात्री पावणेबाराला तुझे तीन मिस्ड कॉल आले आणि मी घोरत होतो. हळदीचे सौदे सुरू झालेत, दिवसभर पोत्यांत उभं राहून नऊलाच माणूस आडवा होतो. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही, मलाही कळतं. सकाळी मेसेज बघितला: ‘ऑफिसची पोरं आत्ता बाहेर चाललीत, चल म्हणतायत. जाऊ का?’ आणि खाली तासाभरानं: ‘नको म्हटलं. रात्री परत कसं यायचं कळेना.’ तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. इथं सांगायचं कुणाला? हिला सांगितलं तर म्हणाली, गेले नाहीत ते बरंच झालं. नान्यानं विचारलं, तिकडं बिअर कितीला पडते. बर्लिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला खोलीत एकटं बसणं म्हणजे काय, हे चार वर्षं तिथं काढल्याशिवाय कळत नाही.

आई बरी आहे, गुडघा तसाच. माझी शुगर काठावर. झालं.

आता ऐक. घोळ झाला तो तुझ्या ‘नको’मध्ये. आपल्याकडं ‘नको’ ही पहिली पायरी असते. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा ताट ओढून घ्यायचं. तुला तर जेवायला बसवायला अख्खं घर लागायचं. तिकडं आग्रह नावाची चीजच नाही. नको म्हणजे नको, समोरचा तुझ्या शब्दाला मान देऊन निघून जातो. राग नसतो, पण दोनदा नको ऐकलं की तिसऱ्यांदा विचारत नाहीत. ‘याला आवडत नसेल’ म्हणून गप्प बसतात आणि इकडं तू म्हणतोस की माणसं तुसडी. म्हणून उद्या सोमवारी तूच जाऊन म्हण, शुक्रवारी जमलं नाही, पुढच्या वेळी येणार. कारण सांगत बसू नकोस. तुझी कारणं फार लांबतात, त्या गोव्याच्या बाराशे रुपयांचं कारण अजून संपलेलं नाही.

परत यायचं काय, हा तुझा प्रश्न मात्र बरोबर आहे. जायचा बेत आयत्या वेळी ठरला तरी चालतो, परतीचा घरातून निघतानाच ठरलेला हवा. (तू वेडिंगमध्ये राहतोस हे ऐकून आईनं मला विचारलं होतं, कुणाच्या लग्नात राहिलाय? मी म्हटलं, वस्तीचं नाव आहे. तिला अजून पटलेलं नाही.) शुक्रवारी आणि शनिवारी रात्री, शिवाय सुट्टीच्या आदल्या रात्री, उ-बान, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते, साधारण दर पंधरा मिनिटांनी. एस-बान, म्हणजे लोकल, अर्ध्या तासानं. पोरं बहुतेक वार्शाउअर श्ट्रासेच्या बाजूला जाणार. तिथून उ १ धर, हालेशेस टोरला उतर, तिथून आल्ट-टेगलकडं जाणारी उ ६, आणि लिओपोल्डप्लाट्सला घर. एकच बदल. निघायच्या आधी अ‍ॅपमध्ये बघ, कारण शनिवार-रविवार गाठूनच रूळ उखडून ठेवतात आणि मग बदली बस असते.

पण गुरुवारी कुणी बाहेर काढलं तर हे गणित बदलतं. आठवड्यात साधारण एक ते साडेचार उ-बान बंद. मग एन ६ किंवा एन ९ ही रात्रीची बस, जी त्या त्या रेल्वेच्या वरून रस्त्यानं जाते, अर्ध्या तासाला एक. एक बस चुकली तर फेब्रुवारीत अर्धा तास स्टॉपवर उभं राहून बघ, कृष्णेकाठची थंडी म्हणजे काहीच नाही. ट्राममधल्या एम अक्षराच्या गाड्या मात्र रोज रात्रभर असतात.

महिन्याचं तिकीट तुझ्याकडं आहेच, ते रात्रीही चालतं. (२०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३. हळदीचा भाव असा चढला असता तर!) त्यावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. ज्याच्याकडं ते तिकीट नाही तो कागदी घेतो आणि फलाटावरच्या पेटीत शिक्का मारायला विसरतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड ६० युरो, ‘मी नवीन आहे’ चालत नाही. आणि डब्यात झोपू नकोस. झोपलास की जाग आल्ट-टेगलला येईल, तीही खिशात मोबाइल नसताना.

ते भाड्याचे इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर पडलेले दिसतात ना, दोन बिअर झाल्या की त्याला हात लावायचा नाही. कायद्यात ती मोटार धरतात, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा मोटारीचीच, हजारी ०.५. सायकलला गुन्ह्याची हद्द १.६ आहे म्हणून लोक स्कूटरलाही तीच समजतात आणि फसतात.

वेळेचं सांगतो, कारण तू सगळीकडं अर्धा तास आधी पोचतोस. क्लबात अकराला गेलास तर तू आणि झाडूवाला. भरतं ते एकनंतर. म्हणून संध्याकाळी जेव, दहा वाजता बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं. मग दोन तास झोप. हो, झोप. मग श्पेटीतून, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या टपरीवजा दुकानातून, बाटली घ्यायची आणि चालत चालत प्यायची. रस्त्यावर पिणं तिथं गुन्हा नाही. उघडी बाटली घेऊन उ-बानमध्ये चढायला मात्र नियमानं बंदी आहे. पोरं चढतील, तू चढू नकोस. रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, डब्याच्या बाजूला खाली उभी करून ठेवायची. काचेच्या बिअरच्या बाटलीवर आठ सेंट अनामत असते, कॅनवर पंचवीस. मागून एखादे आजोबा मोठी पिशवी घेऊन येतात, त्यांना हात डब्यात घालायला लागू नये म्हणून ही पद्धत. तुझ्या पोरांनी ते केलं की नाही बघ, त्यावरून संगत कळते.

प्यायची नसेल तर बिनअल्कोहोलची बिअर माग, ‘आल्कोहोलफ्राय’, कुणी वळूनही बघत नाही. क्लब-माटे हे थंड पेय पिऊ नकोस असं नाही, पण त्यात कॅफीन असतं आणि तुला एक कप चहानं रात्रभर जाग येते. बाटल्या आपटताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. तू चपलांकडं बघतोस.

आयला, आपल्याकडं अकराला विश्रामबाग बंद. मग उरतं मिरज स्टेशन आणि तो चहा. पश्चिम बर्लिनमध्ये बार ठराविक वेळी बंद करायची सक्तीच १९४९ साली उठली. हाइन्झ झेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्यानं अमेरिकन कमांडंट हाउलीला गाठून, व्हिस्कीची बाटली घेऊन, हे करून घेतलं असं सांगतात. शहराच्या दोन बाजूंत गिऱ्हाइकं ओढायची चढाओढ होती. भिंत पडल्यावर रिकाम्या पडलेल्या इमारतींत क्लब निघाले. ट्रेसोर १९९१ मध्ये एका जुन्या दुकानाच्या तिजोरीच्या खोलीत सुरू झाला, २००७ पासून तो एका जुन्या वीजकेंद्रात आहे.

बेर्गहाइन नावाच्या क्लबला पहिल्याच रात्री जायचं खूळ कुणाच्या डोक्यात असेल तर तू नको म्हण, आणि हे ‘नको’ पक्कं ठेव. तेही जुनं वीजकेंद्रच, २००४ पासून. शनिवारी मध्यरात्री सुरू होतं ते सोमवार सकाळपर्यंत. आत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. रांग तास दोन तास, थंडीत, आणि दारावर मान हलली की संपलं. कारण सांगत नाहीत. विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, बाजूला होऊन चालायला लागायचं. तुझा वाद घालायचा स्वभाव मला माहीत आहे, वालचंदच्या मेसवाल्यालाही माहीत आहे. २०१६ मध्ये तिथल्या कोर्टानं तिकिटावर १९ ऐवजी ७ टक्केच कर धरला, कारण ते म्हणे संगीताच्या मैफलीसारखं. हे यार्डात सांगितलं तर हळदीच्या जीएसटीवर पुन्हा भांडण जुंपलं.

साध्या ठिकाणी जा. दारावर दोघं-तिघं बरे, दहा जणांचा गोंगाट परत पाठवतात. आज कोण वाजवणार आहे ते आधी वाच, कधी कधी विचारतात. मावसभावाच्या लग्नातले ते चकचकीत बूट घालू नकोस, हात जोडतो. काळी पँट, साधा टी-शर्ट, खेळाचे बूट. वर स्वेटर आणि जाकीट, पण आत शिरताच ते जमा करायचं, दोन-तीन युरो लागतात, म्हणून नाणी जवळ ठेव. ते बिल्ल्याचं चिठोरं मोबाइलच्या कव्हरात घाल, पँटच्या खिशात नको, घामानं विरघळतं. कानात मेणाचे बोळे घाल. ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलातला फोटो चालत नाही. पासपोर्ट घरीच, रेसिडन्स कार्ड बहुतेक ठिकाणी पुरतं.

पैसे: एक कार्ड आणि पन्नासच्या आतली रोकड, दोन वेगळ्या खिशांत. बारमध्ये एकत्र की वेगळं विचारतात, वेगळं म्हण, कुणाला वाईट वाटत नाही. पण एक मेख आहे. नोट देताना ‘डांके’ म्हणालास तर बाकीचे तुम्ही ठेवा असा अर्थ होतो. आपण आभार मानतो, आणि वीसची नोट जाते.

खिसेकापूंची पद्धत बघून ठेव. वार्शाउअर पुलावर एखादा हसत, नाचत येतो, खांद्यावर हात टाकतो, पायात पाय अडकवून नाचवतो. तेवढ्यात पाकीट गेलेलं असतं. मित्रासारखा वाटतो म्हणूनच जातं. कुणी हात टाकला की मागं सरक आणि मोठ्यानं ‘नाइन’, म्हणजे नाही, म्हण. ग्लास हातातून सोडू नकोस, सोडलास तर नवीन घे. गांजाबद्दल पोरं सांगतील की २०२४ च्या एप्रिलपासून मोकळीक आहे. मोठ्या माणसानं बाहेर पंचवीस ग्रॅमपर्यंत जवळ ठेवायला आहे, रस्त्यावरच्या माणसाकडून विकत घ्यायला नाही. व्हिसावरच्या माणसानं त्या वाटेला जाऊच नये.

भूक पहाटे तीनला लागते. डोनर, म्हणजे पावात भरलेलं भाजलेलं मांस, हा बहुतेक ठिकाणी वासराचा किंवा गोमांसाचा असतो, कोंबडीचा हवा तर ‘हेनशन’ म्हणून विचार. करीवुर्स्ट हे सॉसेज म्हणजे बहुधा डुक्कर. फलाफल किंवा भाजलेलं हलूमी चीज घे, लसणाचा पांढरा सॉस आणि थोडा तिखट. आणि हो, शुक्रवारी रात्री बारानंतर शनिवार लागतो, मारुतीचा. तो हिशेब तुझा तू बघ.

आता किल्ली. मला खरी काळजी हिचीच आहे. तिकडच्या घराच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं की खटका आपोआप बसतो, आणि किल्ली आत राहिली की माणूस बाहेर. आतून कुलपात किल्ली तशीच असेल तर बाहेरून दुसरीही बऱ्याचदा लागत नाही. मग पहाटे कुलूपवाला. इंटरनेटवर पहिला सापडतो तो बऱ्याचदा लांबचा असतो, रविवारचा आणि रात्रीचा आकार लावून काहीशे युरो मागतो, वर चांगलं कुलूप फोडून नवं बसवतो. नुसतं ओढलेलं दार न फोडता उघडतं, हे लक्षात ठेव. बोलावताना फोनवरच येण्याजाण्यासकट ठोक रक्कम विचार, ‘फेस्टप्राइस’ म्हणतात. पण त्याआधी उद्याच दुसरी किल्ली ऑफिसातल्या एखाद्याकडं ठेव. हॉस्टेलच्या खिडकीचे साडेतीनशे मीच भरले होते, आणि दार तू ओढलं होतंस. यावर पुन्हा चर्चा नको.

बेलवर तुझं नाव आहे का? तिकडं फ्लॅटला नंबर नसतो, आडनावच असतं. ‘मगदूम’ लिहिलेली चिठ्ठी घरमालकाला विचारून चिकटव. कधी ११२ ला फोन करावा लागला तर पुढची इमारत की मागची, कितवा मजला, एवढं सांगता यायला हवं. तळमजला त्यांच्या मोजणीत शून्य. कार्ड हरवलं तर ११६ ११६.

तुझ्या घरी जाऊन आलो. काकांच्या डोळ्याचं नीट झालं, चष्मा मिळाला. पल्लवीचं त्या कराडच्या मुलाशी जमतंय असं काकूंच्या चेहऱ्यावर दिसलं, मी विचारलं नाही. तुझी बुलेट सुरू करून ठेवतोय. नोकरीचं काय ते पुढच्या फोनवर.

सकाळी आठला यार्डात जायचंय. फोन यापुढं उशाशी असतो, आवाज पूर्ण.

तुझाच,
सुन्या

ता.क. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात. त्या रात्री बाहेर असलास तर गाडीची वेळ मोबाइलमध्ये बघ, मनगटावरच्या घड्याळात नको. भडंग पुढच्या आठवड्यात माझ्या मेव्हण्याच्या मित्राबरोबर येतंय, दोन किलो. सगळं एकट्यानं खाऊ नकोस, सोमवारी ऑफिसात ने.