टेकडीवर रोपांआधी वाटा

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात वेताळ टेकडीवर झाडे लावण्याची घाई सुरू होते. त्याआधी वाटा बघा. वाट चढाला सरळ भिडली की पाणी तिच्यातूनच धावते, घळ पडते आणि चालणारे कडेच्या गवतातून दुसरी वाट पाडतात. उपाय स्वस्त आहे: वाटेवर तिरकी दगडी आड, म्हणजे पाणी कडेला वळवणारी दगडांची ओळ; दगड निम्म्याहून अधिक गाडलेले, खालचे तोंड मोकळे. ते गाळाने बुजले की पाणी आडीवरून उडी मारते आणि पलीकडची माती नेते. म्हणून पहिल्या मोठ्या सरींनंतर फावडे घेऊन जावेच लागते.

रोपे मेढशिंगी, मोई, गणेर, धावड्याची असावीत. खड्डा दीड फुटाचा. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढावी, तळाशी गुंडाळलेली मुळे छाटावीत. नाहीतर रोप दोन-तीन वर्षांनी ऐन उन्हाळ्यात वाळते; तोवर फोटो काढून घेणारे कुठेच नसतात! गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे टेकडीवरचे परदेशी झाड नुसते तोडून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. कातळालगतच्या गवताळ पट्ट्यात मात्र खड्डे घेऊच नयेत. तिथले रानकंद कुदळीखाली जातात.

– टेकडीवर काम करणारे काही वाचक, पुणे