लिव्हरपूलहून, पियानोबद्दल

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार,

तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं. पियानो विकत घेतलेला नाही. चर्चच्या हॉलमधला वाजवायला मिळतो. सध्या त्यावर ‘कोल निद्रे’ ही ज्यूंच्या प्रार्थनेवरची रचना बसवते आहे.

बाबा, ‘दुसऱ्यांची प्रार्थना कशाला?’ असं विचारलंत. ‘कोल निद्रे’ आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतही योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, संध्याकाळी म्हणतात. ही चाल मात्र युरोपातल्या ज्यूंची. रचना करणारे जर्मन संगीतकार माक्स ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट ख्रिश्चन होते. त्यांना ती बर्लिनमध्ये मिळाली आणि १८८० साली इथेच, लिव्हरपूलमध्ये, त्यांनी चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खालच्या स्वराचं वाद्य) आणि वाद्यवृंदासाठी ही रचना पुरी केली.

ती एकट्या पियानोवर आणताना खरी अडचण लांब स्वरांची. तुमच्या पेटीचा भाता स्वर धरून ठेवतो, पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो. तो पुन्हा ठोकला की चाल मोडते. त्यापेक्षा खालची साथ हलती ठेवायची आणि पुढचा स्वर, आधीचा विरून जेवढा उरला असेल तेवढ्याच जोराने लावायचा. चेलोचा आवाज मधल्या सप्तकांतला, म्हणून चाल बरेचदा अंगठ्यांवर येते. करंगळीकडची साथ अगदी हलकी हवी. सुरुवातीला दोन-तीन स्वर, मग विराम, असे हुंदके आहेत. तिथे पायाखालचं, स्वर घुमत ठेवणारं पेडल सोडायलाच हवं, नाहीतर विराम बुजतो आणि हुंदकाच उरत नाही. पुढे डी मेजर या स्वरमेळात हार्पचे (उभ्या तारांच्या मोठ्या वाद्याचे) स्वर डाव्या हाताला येतात; स्वरसंगती बदलेल तिथे पेडल बदललं नाही तर सगळं गढूळ होतं.

इथे मैफलीत मध्येच दाद देत नाहीत. ‘वा’ नाही, मान हलवणंही बेतानेच. मोठ्या रचनेचे तीन-चार भाग असतात. एक संपला की लोक खोकून घेतात, पण टाळी नाही, कारण सगळे भाग मिळून एकच रचना. शेवटचा स्वर विरून वादकाचे हात खाली आले की मगच टाळ्या. मध्ये दाद मिळाली नाही म्हणून लोकांना आवडलं नाही असं वादकाला वाटत नाही, आई.

छकुलीच्या साखरपुड्याला येता येणार नाही, रजाच नाही. लग्नाला नक्की येते. हॉलच्या आगाऊ रकमेचे पैसे सोमवारी पाठवले. बाबांनी कर्ज काढू नये. माझ्या स्थळाचं मात्र छकुलीचं लग्न झाल्यावर बघू. त्या मंडळींना तसं कळवा, ताटकळत ठेवू नका.

तुमची,
मनू