वहीतला तिसरा रकाना

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला तर डिझेल आणि हप्ता जाऊनही महिन्याला चांगले पैसे उरतात, मी सगळा हिशोब केलाय." तुझ्या आवाजात इतका आनंद होता की मला मध्ये बोलवेना. पण रात्री झोप लागली नाही. उठून कपाटातून गाडीच्या जुन्या वह्या काढल्या. 19 वर्षांच्या वह्या आहेत. गाडी तुझ्या बाबांनी चालवली, वही मी लिहिली, म्हणून हे पत्रही मीच लिहिते आहे.

पहिल्या वहीत दोनच रकाने आहेत. एकात आलेलं भाडं, दुसऱ्यात डिझेल, टोल आणि हप्ता. दोन्हींतला फरक ती आपली कमाई, असं आम्ही धरून चाललो होतो. तूही आज तसंच धरतोयस. 14 महिने आम्ही त्याच फरकावर घर चालवलं आणि सगळं बरं चाललंय असं वाटत राहिलं. मग एका चढावर क्लच गेला. गॅरेजात उघडून बघितलं तर गिअरबॉक्सचं बेअरिंगही खराब निघालं. गाडी 11 दिवस उभी राहिली. घरात त्या कामापुरतेही पैसे नव्हते. हातउसने घेतले आणि हप्त्याची तारीख मात्र ठरल्या दिवशी आली.

त्या रात्री वही उलटसुलट चाळताना माझ्या लक्षात आलं की दर फेरीत आपण गाडीच थोडी थोडी खात होतो. टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजतात, इंजिनाचं आयुष्य कमी होतं, गाडीची किंमत उतरते. पण त्याचं बिल त्या फेरीच्या दिवशी येत नाही, म्हणून ते पैसे आपले वाटतात. दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, "गाडीचं".

तो भरायला अवघड नाही. टायरांच्या पूर्ण संचाची किंमत घे आणि तो संच जितके किलोमीटर चालतो त्याने भाग. एका किलोमीटरचा टायरखर्च निघतो. ऑइल, ब्रेक, क्लच, पुढे कधीतरी निघणारं इंजिनाचं काम, सगळ्यांचं असंच. शिवाय घसारा. आज गाडी ज्या किमतीला घेशील आणि काही वर्षांनी ज्या किमतीला विकली जाईल, त्यातला फरकही किलोमीटरवर वाटून टाक. भाडं हातात पडेल त्याच दिवशी या रकान्याचे पैसे वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. महिनाअखेरीला टाकू म्हटलं तर ते कधीच टाकले जात नाहीत, हे मी पदरमोड करून शिकले.

आता किलोमीटर म्हणजे कुठले, ते नीट समजून घे. भाडं भरल्या किलोमीटरचं मिळतं, गाडी मात्र सगळे किलोमीटर चालते. तू फोनवर फक्त भरलेले धरलेस. समज, 100 किलोमीटरमध्ये 30 रिकामे गेले. रिकाम्या गाडीला डिझेल थोडं कमी लागतं, पण हिशोब सोपा ठेवायला खर्च सारखाच धरू. मग 100 किलोमीटरचा खर्च 70 मधून वसूल करायचा, म्हणजे भरल्या किलोमीटरचा भाव तुझ्या खर्चाच्या 1.43 पट असला तरच तोंडमिळवणी. रिकामे 20 वर आणलेस तर 1.25 पट पुरे. म्हणून जातानाच्या भाड्याचा भाव ठरवताना परतीच्या मालाचा विचार आधी करायचा. ज्या गावातून परत काही मिळत नाही तिथलं चांगलं भाडंही खोटं असतं.

हप्ता आणि विमा ही मात्र किलोमीटर न बघणारी माणसं. महिन्याला 10,000 किलोमीटर झाले काय नि 6,000 झाले काय, ती तेवढेच मागणार. 6,000 झाले की दर किलोमीटरवर त्यांचं ओझं पावणेदोनपटीच्या जवळ जातं. तुझा हिशोब सगळ्यात चांगल्या महिन्याचा होता. मला सगळ्यात वाईट महिन्याचा दाखव.

आणि बाळा, त्या हिशोबात तुझा पगार कुठे होता? आज दुसऱ्याच्या गाडीवर तुला पगार मिळतो. स्वतःच्या गाडीवर तू तेच काम करणार, उलट दलालाशी बोलणं, कागदपत्रं, गॅरेज, वसुली हे वर. म्हणून पगार खर्चाच्या बाजूला लिही. तो आणि तिसरा रकाना दोन्ही वजा करून जे उरेल तेवढीच मालकाची कमाई. काही उरत नसेल तर तू कर्ज काढून नोकरी विकत घेतोयस, आणि ते मला बघवणार नाही.

कर्जाबद्दल एकच प्रश्न विचार, पण उत्तर मिळेपर्यंत सोडू नकोस. दर सपाट आहे, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर? 12 टक्के घटत्या शिल्लकीवर असेल तर पाच वर्षांत 100 चे साधारण साडेतेहतीस व्याज जातं. 12 टक्के सपाट असेल तर 60 जातं, म्हणजे घटत्या शिल्लकीच्या हिशोबाने तो दर 20 टक्क्यांच्या आसपास पडतो. कागदावर दोन्हीकडे 12 च लिहिलेलं असतं. आमच्या पहिल्या कर्जाच्या वेळी हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

डिझेलचं तुला शिकवायला नको, तरी दोन गोष्टी सांगते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 चा वेग 90 केलास की तो सव्वा पटीहून जास्त होतो आणि तो तोडायला डिझेलच जळतं. दुसरं, इंजिन चालू ठेवून झोपू नकोस. मोठं इंजिन उभ्या जागी तासाला दोन-तीन लिटर पितं. रात्रीचे आठ तास धरले तर लिटरला 3 किलोमीटर देणाऱ्या गाडीचे 60 किलोमीटर जागच्या जागी गेले, तेही बिनभाड्याचे.

टायरचं मात्र बाबांकडूनच शिकावं. निघण्याआधी ते टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक टायरवर ठोकायचे. हवा भरलेला टायर टणक वाजतो, टॉमी उसळते. कमी हवेचा मऊ, बसका वाजतो. जोडचाकातला आतला टायर बसला तरी बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा गाडी उचलून धरतो. मग बाहेरच्यावर दुप्पट भार येतो, आतला घासत तापत राहतो आणि शेवटी दोन्ही जातात. एकदा पावसात बाबांनी ही फेरी टाळली आणि एकाच दिवशी दोन टायर गेले. त्या दिवशीच्या पानावर मी रक्कम दोनदा लिहून दोनदा खोडली आहे, इतकी ती माझ्याच्याने लिहवत नव्हती.

उधारीचा सगळ्यात जास्त त्रास मी भोगलाय. डिझेल रोख भरावं लागतं आणि भाड्याचं बिल 30, 45, कधी 60 दिवसांनी निघतं. मधले दिवस कोणाच्या पैशांवर गाडी चालणार? एका पार्टीने आमचं दोन महिन्यांचं भाडं अडकवलं होतं. काम भरपूर होतं, गाडी एक दिवस उभी नव्हती आणि तरी घरात पैसा नव्हता. दोन महिन्यांचं डिझेल आणि दोन हप्ते एवढी रक्कम गाठीशी असल्याशिवाय गाडी दारात आणू नकोस. सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये घातलीस तर पहिल्याच थकलेल्या बिलाला नाकी नऊ येतील. भरणी-उतराईला गाडी किती तास खोळंबली तर पुढे काय मिळणार, हेही आधी लिहून घे. तोंडी बोलणं उतराईच्या वेळी कोणाला आठवत नाही.

मी तुला अडवत नाहीये. बाबांना त्यांच्या गाडीने मान दिला, तुमची शिक्षणं त्याच गाडीवर झाली. तुझीही गाडी असावी असं मलाही वाटतं. फक्त सही करण्याआधी मला दोन महिने दे. आता ज्या गाडीवर आहेस तिचा मीटर निघताना, माल भरताना आणि उतरवल्यावर लिहीत जा. किती लिटर भरलं, किती तास नुसती वाट बघितली, तेही. पानांचे फोटो मला पाठव. मी इथे नवी वही आणून तीन रकाने आखून ठेवलेत. तुझे आकडे आले की रविवारी फोनवर बसून आपण दोघं मिळून भरू.

उद्या निघताना आतल्या टायरांवर टॉमी मारायला विसरू नकोस.

तुझी,
आई