आत्याची रात्र कोण सांभाळणार?

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आत्याला केअर सेंटरमध्ये ठेवायचा विषय निघाला की आई, तुझा आवाज भरून येतो. बाबा, तुम्ही "बघू, दिवाळी होऊ दे" म्हणता आणि फोन तिच्याकडे देता. घरी आलं तर आत्याच्या खोलीबाहेर कुजबुजत बोलायला नको वाटतं. तिला सगळं उमगत नसलं तरी आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं नक्की कळतं. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, "अक्कानं मला शिकवलं, तिला मी बाहेर ठेवू?" हे तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. शाळेच्या पगारातून तिनं तुमची फी भरली, आम्हा दोघांच्या मुंजी-लग्नात पदरमोड केली. मूलबाळ नसलेल्या वृद्धाला सांभाळायची जबाबदारी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं त्याच्या वारसदार नातेवाइकावर टाकलेली आहे, पण आपल्या घरात ते कुणी कायद्यानं सांगावं लागलं नाही. आईनं तर वन्संचं सगळं सख्ख्या बहिणीसारखं केलं. प्रश्न प्रेमाचा नाहीच. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्या आपणहून कूस बदलत नाही. तिला दर दोन तासांनी वळवायला हवं, रात्रीसुद्धा. आई बहात्तरची, तिचा मणका दुखतो. बाबा, तुमची बायपास झालेली. नर्सिंग ब्युरोकडून येणाऱ्या बाईनं सुट्टी घेतली की त्या रात्री आत्याला वळवायला घरात कुणी नसतं. मागच्या खेपेस मी तिला पुसत होते तेव्हा माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोअरची सुरुवात अशीच होते. पुढे कातडी फुटली की जखम आत हाडापर्यंत जाते आणि या वयात ती भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. एअर मॅट्रेस घेतली तरी वळवणं चुकत नाही.

म्हणून रजा टाकून मी वारजे, धायरी, आंबेगाव, भूगाव, पार खेड शिवापूरपर्यंत जागा बघत हिंडले. अथश्रीसारखी संकुलं हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी आहेत, ती बाजूला ठेवली. बरेचसे वृद्धाश्रमही दारातच विचारतात, "आपलं आपण करतात ना?" अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवून घेणारी केअर सेंटरं निराळी, आणि मी बघितली ती तीच.

पहिल्या भेटीत सगळेच चांगलं दाखवतात. चकचकीत फरशी, गणपतीची मूर्ती, वाढदिवसाचे फोटो, मागची बाग. बाग छानच, पण आत्याला व्हीलचेअरवर बसवून तिथवर नेणारं कुणी असेल तरच तिच्या उपयोगाची. म्हणून मॅनेजरना विचारण्यापेक्षा मी तिथल्या मावशींना विचारत गेले, "आज कुणाकुणाला बाहेर नेलं होतं?" ज्या ठिकाणी मावशींनी आजी-आजोबांची नावं घेऊन सांगितलं, तिथे मी पुढे थांबले. जिथे त्यांनी मॅनेजरच्या तोंडाकडे बघितलं, तिथून निघाले.

पण माझा खरा प्रश्न रात्रीचा होता. दिवसा डॉक्टर असतात, फिजिओथेरपिस्ट येतात, नातेवाईक येतात, त्यामुळे दिवस बरा जातो. रात्री दोन वाजता कोण जागं असतं? किती माणसांमागे किती जण? त्यांत शिकलेली नर्स आहे की सगळी आयांवरच भिस्त? "स्टाफ पुरेसा आहे" हे उत्तर मी कुठेच धरलं नाही, आकडा मागितला. आणि वळवण्याचा तक्ता बघायला मागितला. चांगल्या ठिकाणी तो पलंगाच्या पायथ्याला अडकवलेला असतो: वेळ, डावी कूस की उजवी, आणि सही. एका ठिकाणी मी सकाळी अकराला गेले, तर त्या तक्त्यावर दुपारी चारपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या होत्या, सगळ्या एकाच पेनानं, एकाच हातानं. त्या पलंगावरच्या आजी पाठीवर पडून छताकडे बघत होत्या. तिथली फरशी सगळ्यांत स्वच्छ होती, आई. नाव लिहीत नाही, पण तिथे आपण आत्याला ठेवणार नाही.

आणखी एका जागी एका आजोबांचे दोन्ही हात क्रेप बँडेजनं पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. "नळी काढतात हो," असं सांगितलं. कधीकधी डॉक्टरांना तसं करावं लागतही असेल, पण मग कुणी लिहून दिलंय, किती वेळासाठी, मध्ये सोडतात का, याची उत्तरं तयार हवीत. ती नव्हती. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. "आमच्याकडे सगळे शांत झोपतात" असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी लगेच विचारते, कशानं? आत्याला विसराळूपणा आहे, संध्याकाळ झाली की ती घाबरते, हाका मारते. तिच्याजवळ बसणारं माणूस हवं. आणि एक लक्षात ठेवा: या वयात लघवीचा संसर्ग झाला किंवा पाणी कमी पडलं तरी माणूस एका दिवसात बरळायला लागतं, ताप नसतानासुद्धा. "वयानं असं होतंच" म्हणून गोळी देऊन झोपवणारी जागा आणि आधी लघवी तपासायला पाठवणारी जागा यांत फार मोठा फरक आहे. हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला, आणि बरंचसं मत माझं त्या उत्तरावरून झालं.

आता वारज्याच्या जागेबद्दल. इमारत जुनी आहे, लिफ्ट मंद आहे, भिंतींना रंग हवाय. मी न कळवता जेवणाच्या वेळी गेले. एक मावशी एका आजींना मऊ खिचडी भरवत होत्या. आधी पलंगाचं डोकं वर केलं, पाठीला उशी लावली, हनुवटी किंचित खाली येईल असं बसवलं. अर्धा चमचा दिला की थांबायच्या, गळ्याकडे बघायच्या, घास उतरला की मगच पुढचा. मध्ये आजींना ठसका लागला तर त्यांनी वाटी बाजूला ठेवली, पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पाणी पाजायची घाई केली नाही. शेजारच्या पलंगावरून हाक आली तेव्हा "आले हं, यांचं होऊ दे" म्हणाल्या. जेवण झाल्यावर आजींना लगेच आडवं केलं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि अंथरुणाला खिळलेली कितीतरी माणसं त्यानंच दगावतात. मी मावशींना विचारलं, इथे किती वर्षं झाली? लेक बालवाडीत होती तेव्हापासून, म्हणाल्या. आता ती बारावीला आहे. माणसं टिकतात अशी जागा मला चकचकीत जागेपेक्षा लाखमोलाची वाटते.

तिथल्या न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत, दार बाहेरून उघडतं, व्हीलचेअर आत वळते. घंटेची दोरी हाताशी आहे, उशाशी पाणी आहे. दर महिन्याला वजन करून लिहितात. वास म्हणाल तर डायपर बदलायच्या वेळी येतो आणि जातो. दिवसभर फिनेलचा उग्र वास मारत राहणाऱ्या जागेची मला जास्त धास्ती वाटते.

कागदपत्रं मी आणि दादा बघतो. नोंदणी कुणाकडे आहे, कोणत्या डॉक्टरांची बांधिलकी आहे, रात्री तब्येत बिघडली तर १०८ बोलावणार की स्वतःची गाडी, कुठल्या हॉस्पिटलला नेणार, आपल्याला किती वेळात कळवणार. डिपॉझिट परत कधी मिळणार आणि दरमहाच्या रकमेत काय काय धरलेलं नाही, हे लेखी हवंय. डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची व्हिजिट बहुतेक ठिकाणी वेगळी लावतात. बाबा, आत्याच्या पेन्शनीत बसत नाही ते आम्ही दोघं भरणार, त्यावर चर्चा नको. कधी तक्रार करायची वेळ आलीच तर केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, डायरीत लिहून ठेवा.

आई, "लोक काय म्हणतील" हे तुझं मी मनावर घेतलंय, कारण बोलणारे बोलतातच आणि ऐकून तुलाच घ्यावं लागतं. पण नवी पेठेतला 'निवारा' वृद्धाश्रम १५० वर्षांहून जुना आहे. आपल्या पुण्यात म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर आधार मिळणं ही काही आजची गोष्ट नाही. माणूस ठेवून पाठ फिरवली तर लोकांनी जरूर बोलावं. आपण पाठ फिरवणार नाही. म्हणूनच तर मी वारजे म्हणतेय. कर्वेनगरहून तुम्ही रिक्षानं पटकन पोचाल, बसही आहे. भूगावची जागा खोल्यांच्या दृष्टीनं सरस होती, पण तिथे जाणं म्हणजे तुमचा अर्धा दिवस, आणि मग हळूहळू जाणं कमी होतं. ज्यांच्याकडे कुणीतरी सतत येतं-जातं, त्यांच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. हे बरं नाही, पण असंच आहे.

आधी एक महिना ठेवून बघू. खोली, पलंग, तिचं कपाट, काही हलवायचं नाही. तुमच्यापैकी कुणी गेलं की वेगळ्या वेगळ्या वेळी जा, आणि गप्पा झाल्या की पांघरूण बाजूला करून टाचा, माकडहाड आणि खुबा बघा. आई, तुला संकोच वाटेल, तरी बघ. ओठ कोरडे आहेत का, नखं कापलीत का, चष्मा नाकावर आहे की ड्रॉवरमध्ये. शनिवारी मी ठाण्याहून येत जाईन, दादा बिलं आणि औषधांचा हिशेब बघेल.

आणखी एक काम तुम्हीच करू शकता. आत्याबद्दल एक पान लिहून द्या, तिथल्या मावशींना देऊ. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावं लागतं. चहा आल्याचाच लागतो आणि बशीत. अंगावर एकदम पाणी घेतलं की ती ओरडते, आधी पायावर घ्यायचं. संध्याकाळी घाबरली की पाढे म्हणायला लावले तर शांत होते, सत्तावीसपर्यंत अजून न चुकता म्हणते. असं तुम्हाला माहीत असलेलं आणखी किती असेल, बाबा, तिच्या लहानपणापासूनचं. तिला बाई म्हणायचं की आजी, तेही लिहा. शाळेत सगळे बाई म्हणायचे, त्या हाकेला ती अजून लगेच मान वळवते.

या शनिवारी मी सकाळच्या गाडीनं येते. दुपारी एकला, जेवणाच्या वेळी, न कळवता आपण तिघं वारज्याला जाऊ. तेवढा वेळ आत्याजवळ दादा थांबेल. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मावशींशी बोला, पटलं नाही तर स्पष्ट सांगा, मी दुसरीकडे शोधीन. ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज समरी आणि सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी एका फाइलला लावून ठेवा.

तुमची,
ताई